चेंडूमास्तरांना हवी होती एक शिवी

चेंडूमास्तरांचा चेहरा असा, की चोरानेसुद्धा थांबून त्यांना पत्ता विचारावा. गोल गाल, गालाला खळी, गळ्यात मापाची टेप. पेशाने शिंपी. पण जीव अडकलेला भलतीकडेच. वाचनालयाच्या वार्षिक नाटकात खलनायक व्हायचं आणि प्रेक्षकांची एक कडकडीत शिवी खायची. नायकाला टाळ्या, खलनायकाला शिव्या. त्या कामाची बिदागीच ती.

पाच वर्षं मास्तरांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. भुवया काजळाने रंगवल्या, दात खाल्ले, डोळे गरगर फिरवले, ठसका लागेस्तोवर विकट हसले. लोकही हसले. पोट धरधरून.

यंदा ग्रंथपालांनी तोंडावर सांगून टाकलं, "मास्तर, ही शेवटची खेप. यंदा कुणी हसलं, तर पुढच्या वर्षी तुम्ही पडदा ओढायला."

नाटकातली गोष्ट साधीच. एक आंधळी म्हातारी, परगावी गेलेला मुलगा आणि घरातला कारभारी. मुलाची पत्रं हा बाबा कोटाच्या खिशात दडवतो आणि म्हातारीला रोज सांगतो, आज आलं नाही.

मास्तर दुकानात आरशापुढे डरकाळ्या फोडत होते. बायको तुरपाई करत बसली होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं.

"मास्तर, माझा कोट?"

मास्तर क्षणात लोणी झाले. "झालाच की दादा. नुसती काजंबटणं राहिलीत. उद्या नक्की."

गिऱ्हाईक समाधानाने गेलं. कोट अजून कापलासुद्धा नव्हता. कापड घडी न मोडता फळीवर पडून होतं.

बायकोने सुई कापडात टोचून ठेवली. "अहो, हाच की तो."

"कोण?"

"तुमचा कारभारी. आत्ता बोललात ना, तस्सं बोला. ओठांत एक, पोटात एक, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही. मला तर बाई काटाच आला."

मास्तर आधी फुगले. मग आरशात बघत तेच वाक्य पुन्हा म्हणाले. ज्याला पाच वर्षं बाहेर शोधला, तो बेटा आतच पाय पसरून बसला होता.

नाटकात काजळ नाही, डरकाळी नाही. म्हातारीने विचारलं, "आलं का रे पत्र?" मास्तरांनी एक हात खिशावर ठेवला, दुसऱ्याने तिची शाल सारखी केली आणि मधाळ आवाजात म्हणाले, "उद्या नक्की, आजी. नुसतं टपालाचं पोतं सुटायचं राहिलंय."

कुणी हसलं नाही. खोकणाऱ्यानेही खोकला गिळला. तिसऱ्या वेळी "उद्या नक्की" आलं, तशी पुढच्या रांगेतून एक बाई कडाडली, "मुडद्या, जीभ झडो तुझी! दे तिचं पत्र!"

मग काय, सगळं सभागृहच तुटून पडलं. मास्तरांच्या गालांवर खळ्या उमटायला लागल्या, तसे ते तोंड फिरवून विंगेत पळाले.

"ऐकलंस?" त्यांनी विंगेत उभ्या असलेल्या बायकोला विचारलं. "मुडद्या म्हणाली. मला."

"ऐकलं," बायको म्हणाली. "आई आहे माझी."

"सासूबाई?"

"वीस वर्षं जावईबापू, जावईबापू करतेय. आज पहिल्यांदा मनापासून बोलली."

"मास्तर, हसू आवरा," ग्रंथपाल कुजबुजले. "अजून एक प्रवेश आहे."

मास्तरांनी दोन्ही हातांनी गाल दाबून खळ्या बुजवल्या आणि उरलेल्या शिव्या खायला निघाले.