चतुरामावशी आणि चिन्यांचा चुलीचा देव

सोमवारची सकाळ. दूध तापत होतं, यांचा डबा अर्धाच भरला होता, आणि दारावर थाप. थाप कसली, दणकाच. कडी काढली तर शेजारच्या चतुरामावशी. पदर कमरेला खोचलेला, कवळी हातात.

"राजेश्री, तूच लावला न्हवं तो चिन्यांचा पिक्चर?"

मावशींची उभी हयात मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी झाडण्यात गेली. नवरा लवकर गेला, लेकाला, महारुद्रला, एकटीनं वाढवलं. तो आता पुण्याला कंपनीत. बायको अर्पिता इथंच सासूजवळ; दर ऐतवारी तिच्या मोबाइलवर फोन करतो. मावशी त्याला आठवड्याचं सगळं सांगतात: अर्पितानं भाजी कशी करपवली, माहेरी किती वेळ बोलत बसली. अर्पिता स्पीकर लावून, मोबाइल आपल्याच हातात धरून शेजारी उभी राहून ऐकते. सासूसुनेत रोजचाच विस्तव.

गेल्या गुरुवारी दुपारी गल्लीतल्या बायकांना मी टीव्हीवर तो हिंदीत बोलणारा चिनी विनोदी पिक्चर दाखवला. त्यात त्यांचा चुलीचा देव वर्षभर घरातलं बघतो आणि वर्ष सरताना स्वर्गात जाऊन एकेकाच्या चुगल्या सांगतो. म्हणून घरचे त्याच्या तोंडाला चिकट पाक फासतात. भर दरबारात देवाचं नुसतं ऊं ऊं. बायका हसून लोळल्या. मावशी मात्र भडकल्या.

"ह्यो कसला देव? वाहन न्हाई, हत्यार न्हाई. आन् आपण देवाचं तोंड गोड करतो, बंद न्हाई करत!"

अर्पिता तेवढी हसली नव्हती. ती पडद्याकडे नाही, सासूकडे बघत होती.

काल फोनच्या जरा आधी तिनं सासूपुढं वाटी ठेवली. चिक्की, कच्च्या पाकाची.

"मला वाटलं पोरगी मायेनं द्यायली," मावशी म्हणाल्या. "लग्न होऊन आली तवापासून पहिल्यांदा माझ्या हातावर गोड ठेवलं. लगेच खाल्लं मी. तेवढ्यात फोन. कवळीला कवळी चिकटली. लेक 'आई, आई' करायलाय, मी ऊं ऊं. आन् ही स्पीकर लावून म्हणती, 'आज देव बोलंनात!' ओट्यावरच्या समद्या बाया फिदीफिदी हसायल्या."

भिंतीपलीकडून अर्पिताचा आवाज आला, "सांगा, सांगा! आता वहिनींनाबी सांगा. दुसरं काम काय हाय तुमाला?"

"गप गं, सटवे!"

"मी रोजच गप असते. तुमी एक दिवस राहिलात तर काय बिघडलं?"

मावशींनी भिंतीकडे पाठ फिरवली. तिथंच उंबऱ्यात बसल्या. चहा विचारला, तर हातानंच नको म्हणाल्या. मग आवाज खाली आणला.

"तिचं माझं जमणार न्हाई. जमव म्हणूनबी आले न्हाई मी. तू तिला एवढंच सांग. ऐतवारी फोन आला की स्पीकर बंद करून मोबाइल पाच मिनिटं माझ्या हातात दे म्हणावं."