वेल्ड केलेला नांगर

नांगर जागचा हलेना. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग खाली वाकलो. बोटीच्या डेकला तो चारी बाजूंनी वेल्ड केला होता आणि वर चंदेरी रंगही मारला होता.

"अण्णा, हा काय प्रकार?"

"पक्का बसवलाय कॅप्टनसायेब. चोराच्या बापाला निघायचा न्हाई."

चोराचं राहू द्या, पाण्यात टाकायला मलाही निघत नव्हता.

मी मर्चंट नेव्हीतून चीफ ऑफिसर म्हणून रिटायर झालो. आता साताऱ्यात राहून बोटींचा सर्व्हे करतो, म्हणजे नवी बोट चालवण्याजोगी आहे का ते तपासून सही देतो. आमच्याकडे घरटी एक फौजी, त्यामुळे मी कुठल्या बटालियनला होतो हे लोक अजून विचारतात.

अण्णा कडेगावचे ऊसवाले. ट्रॅक्टर विकून त्यांनी कुपवाडच्या दत्ताकडून ही बोट बांधून घेतली. दत्ता एरवी उसाच्या ट्रॉल्या बनवतो. कोयनेच्या बॅकवॉटरवरच्या एका रिसॉर्टने बोट चार्टरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर घेतली होती. करार त्यांच्या मॅनेजरने लिहिला होता आणि या विद्वानाने बादलीपेक्षा खोल पाणी पाहिलं नसावं. बोटीला जोडलेलं सामान मालकाने द्यायचं, सुटं रिसॉर्टने. बोट आज सूर्यास्तापर्यंत सर्व्हेअरच्या सहीनिशी सुसज्ज मिळाली नाही तर करार रद्द. अशा तारखेला आमच्यात कॅन्सलिंग डेट म्हणतात. मधल्या काळात मॅनेजरला दुसरी स्वस्त बोट सापडली होती, म्हणून या तारखेवर त्याचा फार जीव जडला होता.

नांगर कुणी द्यायचा, यावर अण्णा आणि मॅनेजर फोनवर भरपूर भांडले होते. शेवटी अण्णांनी दत्ताला वेल्डिंगला बसवलं. "जोडल्यालं आमचं न्हवं? मग घ्या की, जोडला!" लाइफ जॅकेटांचीही हीच तऱ्हा. लोखंडी पेटी डेकला वेल्ड केलेली, पेटीला कुलूप आणि किल्ली कडेगावला देव्हाऱ्यात. बुडणाऱ्याने आधी कडेगावला जाऊन यायचं.

बोट बॅकवॉटरच्या काठाला झाडाला बांधलेली होती आणि अण्णा, दत्ता, मॅनेजर, मी असे चौघे तिच्यावर होतो. "फेल ना सर?" मॅनेजरने आनंदाने विचारलं. "लिहून टाका."

अण्णांचा चेहरा उतरला. "सायेब, ट्रॅक्टर इकलाय वो मी."

मला मॅनेजरचा संताप आला, पण संतापावर सही करता येत नाही. "सूर्यास्ताला वेळ आहे," मी म्हटलं. "दत्ता, ग्राइंडर काढ."

दत्ताने बॅटरीच्या ग्राइंडरने आधी कुलूप तोडलं. मी सगळ्यांना जॅकेटं घालायला लावली. मग नांगराला साखळी लावून त्याने वेल्ड कापायला घेतलं. ते संपेपर्यंत मॅनेजरला धीर निघेना. वेळ वाया जातोय म्हणत त्याने परस्पर काठाच्या झाडाचा दोर सोडला. "चला, ट्रायल सुरू करा!"

इंजिन सुरूच नव्हतं. मी स्टार्टर मारला, पण डिझेलच्या पाइपात हवा धरलेली, इंजिन लागेना. वारा जोराचा होता. बोट आडवी होऊन पुढच्या खडकांकडे निघाली.

"थांबवा!" मॅनेजर ओरडला. "नांगर टाका!"

"टाकतो की," दत्ता ठिणग्यांतून म्हणाला. "आदी कापू तर द्या!"

"लवकर काप रे बाबा!"

"आवं पर सायेब," अण्णा शांतपणे म्हणाले, "नांगर तर फेल हाय न्हवं?"

माझ्या उभ्या नोकरीत नांगर टाकण्यासाठी ग्राइंडर लावलेला मी पाहिला नव्हता. खडक स्पष्ट दिसायला लागले. अण्णांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता, बोट आपल्या अंगानेच मागे रेटायची असल्यासारखा. शेवटचा सांधा तुटला. आम्ही तिघांनी नांगर पाण्यात लोटला, साखळी खडखडत गेली आणि बोट हिसका देऊन थांबली. अण्णा मटकन डेकवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

मी पाइपातली हवा काढली, इंजिन लागलं. उजेड असताना ट्रायल झाली आणि मी सही केली. मॅनेजरने जॅकेट न काढताच बोट ताब्यात घेतली.

जहाज सुसज्ज आहे की नाही, हे करार वाचून कळत नाही. इंजिन बंद पडल्यावर कळतं. करार लिहिणाऱ्याला तेवढ्या वेळापुरतं जहाजावर ठेवावं.