वरच्या फळीवरच्या बाहुल्या

तिला घरात सगळे खारुताई म्हणत, कारण ही पोरगी एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. आईवडील लहानपणीच गेले, वाढली ती मावशीकडे, आणि मावशीचं घर म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचा कारखाना. कारखाना कसला, दोन खोल्या! मागच्या खोलीत काका लाकडाची डोकी कोरायचे, पुढच्या खोलीत मावशी त्यांचे चेहरे रंगवायची. तिच्या हातून चेहरा सुटला की तो काकांचा. वाळवणं, गुंडाळणं, नाटकवाल्यांकडे धाडणं, सगळं त्यांच्याकडे. मावशी रंगवलेल्या चेहऱ्याकडे पुन्हा वळूनही बघत नसे. "माझं काम झालं," म्हणायची आणि पुढचं डोकं हातात घ्यायची.

खारुताई चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. यंदा बाईंनी फर्मान काढलं, प्रत्येकाने एआयला जोडीला घेऊन काहीतरी नवं करायचं, आणि निकाल त्याच्यावरच. मुलांनी त्या एआयला नाव ठेवलं भाऊसाहेब, कारण काहीही विचारा, तो आधी "फारच छान कल्पना!" म्हणायचा. खारुताईने बाहुल्यांचे चेहरे मागितले. भाऊसाहेबांनी बघता बघता ढीगभर दिले. सगळे गुळगुळीत, गोग्गोड, टपोऱ्या डोळ्यांचे. बाईंनी ते पाहिले आणि एवढंच विचारलं, "ह्यात तू कुठे आहेस?" पोरगी रडकुंडीला आली. राग येणारच हो, पण बाईंचं खोटं नव्हतं. मग त्यांनीच वाट दाखवली. आधी त्याला तुझं काहीतरी दाखव, मग त्याच्याकडे माग.

तिचं म्हणजे मावशीचं. पण तयार बाहुल्या घरात राहतात कुठे? वाळल्या की गेल्या. उरल्या होत्या त्या काकांच्या खोलीत वरच्या फळीवर, फडक्याखाली. त्यांच्याबद्दल तिने पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते, "वाळतायत. हात लावू नकोस." काका लाकूड आणायला बाहेर पडले तेवढ्यात खारुताई स्टुलावर चढली, एकेक डोकं खाली घेतलं, फोटो काढले आणि सगळं होतं तसं ठेवून दिलं. रंग तर केव्हाच खडखडीत वाळलेले. तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कसा पडणार? फोटो मिळाले, एवढ्यावरच स्वारी खूश!

आता गंमत बघा. भाऊसाहेबांनी ते फोटो पाहून अगदी अदबीने विचारलं, "बऱ्याच चेहऱ्यांत डावा डोळा खाली सरकलेला दिसतो. दुरुस्त करू का?"

खारुताई भडकली. "दुरुस्त करणारा तू कोण रे? तीच माझ्या मावशीची खूण आहे!"

इतके दिवस तिला ते दिसलं नव्हतं, आणि दिसलं तशी ती त्या डोळ्याच्या प्रेमातच पडली. भाऊसाहेब डोळा सरळ करायला जायचे, ही पुन्हा खाली ओढायला लावायची. भांडण, मनधरणी, पुन्हा भांडण. जेवणाखाण्याची शुद्ध नाही. पण शेवटी जे चेहरे निघाले ते खरोखर जिवंत होते, थोडे थकलेले, थोडे मिस्कील. बाईंनी तिला प्रदर्शनात दारासमोरचीच भिंत दिली.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तिने छापलेली चित्रं घरी आणली आणि मावशीच्या टेबलावर पसरली. काका चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"बघ ना मावशी! सगळ्यांचा डावा डोळा खाली घेतलाय, अगदी तुझ्यासारखा."

मावशीने एक चित्र उचललं, जवळ नेलं, लांब धरलं, मान तिरकी करून पाहिलं. "खाली? कुठे गं खाली? चांगले सरळ तर आहेत."

खारुताई हसली. तिला वाटलं, मावशी चेष्टा करतेय. मग तिचं लक्ष काकांकडे गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते मानेनेच 'नको, नको' म्हणत होते.

मावशी काही खुळी नव्हती. "कशावरून केलीस ही?"

"वरच्या फळीवरच्या..." पोरगी बोलून गेली आणि जीभ चावली.

मावशीने सकाळीच रंगवलेलं डोकं ओढून घेतलं. एक बोट एका डोळ्याच्या रंगाच्या कडेवर ठेवलं, दुसरं बोट दुसऱ्याच्या. दोन्ही बोटं एका रेषेत येईनात. तिने पुन्हा ठेवून पाहिली.

"कधीपासून हो?"

"झालं असेल वर्ष," काका म्हणाले. "सगळ्याच नाही बिघडत. चांगल्या तेवढ्या पाठवतो. तुला कळलं तर तू ब्रश खाली ठेवशील, ह्याचीच भीती वाटायची."

खारुताई चित्रं गोळा करायला लागली. "मी नाही लावणार ही. नापास झाले तर होऊ दे. मावशी, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"लाव," मावशी म्हणाली. "चांगली झालीत म्हणतात ना सगळे, मग लाव. फक्त ही माझी खूण आहे असं कुणाला सांगू नकोस."

तिने ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि डब्यात उभा करून ठेवला. एरवी तो धुतल्याबरोबर पुन्हा रंगात बुडायचा.

"अहो," ती काकांना म्हणाली, "त्या वरच्या उतरवा आता. वाळल्या असतील."

काका त्या उतरवायला मागच्या खोलीत गेले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.