कोरिनचा स्टॉप

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कोरिन पेल्की तोरण बांधत होती. नाताळात दारावर लावायची, फर झाडाच्या फांद्यांची गोल तोरणं. डाव्या हातात तारेचं कडं धरायचं, उजव्या हाताने फांद्यांचा झुबका त्यावर ठेवायचा, पायाने यंत्र दाबायचं, की कड्यावरचा चिमटा मिटतो. नोव्हेंबरभर डेनिंग्ज फेरी गावातल्या निम्म्या बायका हेच काम करतात. हाताला बसलेला चीक साबणाने निघत नाही, त्याला चरबी चोळावी लागते. सरकारी अर्जासाठी कोरिनच्या बोटांचे ठसे घेतले, ते अस्पष्ट म्हणून दोनदा परत आले होते. तिसऱ्या खेपेला ती आधी आठवडाभर शेडकडे फिरकली नाही, तेव्हा कुठे ते उमटले.

कमरेचा अग्निशमन दलाचा पेजर वाजला. सेंट कोलम, बर्च हिल रोड, घराला आग, घर कोणतं ते कळलेलं नाही, टँकर पाठवा.

शेजारच्या यंत्रावरची ग्लेनिस म्हणाली, "बर्च हिल म्हणजे तुझ्या नवऱ्याचा रस्ता ना गं?"

"हो."

"तो घरी असेल?"

"तो गिरणीत. म्हातारी घरी." एप्रन काढून कोरिन तोवर दारापाशी पोहोचली होती.

डेनिंग्ज फेरी नदीच्या अलीकडे, अमेरिकेत. सेंट कोलम पलीकडे, कॅनडात. दोन्ही गावांची अग्निशमन दलं स्वयंसेवकांची आहेत आणि एका गावात आग लागली की दुसऱ्याचे बंब पूल ओलांडून जातात. जाताना कोणी थांबत नाही. सीमेवरचे अधिकारी आडवा दांडा वर करून पुढे जायची खूण करतात. आग विझली की परतताना सगळे चौकीवर उतरून आपापले चेहरे दाखवतात. ही रीत पुलापेक्षा जुनी आहे. पूल नव्हता तेव्हा पंप होडीतून जात.

या रीतीला एक जोड होती, ती कोरिनमुळे. पुलाच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान आहे. बंब पलीकडे निघाला की तिथे क्षणभर थांबे, कोरिन उतरे, तिच्या जागी दलाचा दुसरा चालक केंडल बसे आणि ती चालत परत जाई. दलातली पोरं तिला चिडवत, "शेवटचा स्टॉप, उतरून घ्या." दुकानदारही त्या जागेला कोरिनचा स्टॉप म्हणायचा.

कारण असं. कोरिन आता चव्वेचाळीसची आहे. एकविसाव्या वर्षी तिने सावत्र बापाच्या कॅन्सरच्या उरलेल्या वेदनाशामक गोळ्या विकल्या. त्या संपल्यावर दुसरीकडून आणून विकल्या. तेव्हा या जिल्ह्यात ते करणारी ती एकटी नव्हती. तिच्या वर्गातला एक मुलगा त्या गोळ्यांनी बेशुद्ध झाला आणि मरता मरता वाचला. तिला चौदा महिन्यांचा तुरुंगवास झाला. तो तिने भोगला, आणि त्यानंतर तिच्या नावावर काही नाही. पण कॅनडाच्या कायद्याने अशा माणसाला आत यायला मनाई आहे. माणूस सुधारला असं तिथल्या सरकारने लेखी मान्य केलं, तरच ती उठते.

लॉर्न गोडे तिला दोन्ही दलांच्या संयुक्त सरावात भेटला. तो पलीकडचा, लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावणारा. नऊ वर्षांपूर्वी ती त्याच्या वाढदिवसाला जेवायला निघाली. चौकीवर विचारलं, कधी अटक झाली होती का? ती नाही म्हणाली. गावात सगळे हेच सांगत: अलीकडचा गुन्हा अलीकडे, पलीकडे कोण बघतंय? अधिकाऱ्याने संगणकात बघितलं. खोटं बोलल्याबद्दल पाच वर्षांची वेगळी बंदी लागली.

ती संपल्यावर दोघांनी अलीकडच्या नगरपालिकेत लग्न केलं. लॉर्नची आई ओडेट शहाऐंशीची, विसरभोळी झालेली. तिला गाव सोडवत नाही, म्हणून लॉर्न येऊ शकत नाही. जायचं ते कोरिनलाच. लॉर्न दर रविवारी पूल ओलांडून येतो आणि संध्याकाळी परत जातो. कोरिनचा अर्ज सव्वा वर्ष पडून होता. निकाल या हिवाळ्यात लागेल असं वकिलाने सांगितलं होतं. शेवटी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एक खोटं फाइलवर आहे, दुसरं आलं तर फाइल मिटली असं समजा.

ती अग्निशमन केंद्रावर पोहोचली तेव्हा पहिला बंब चार माणसं घेऊन गेला होता. टँकर उभा होता. त्यात कॅप्टन विन्स्लो केट्स एकटाच, शेजारच्या सीटवर. सहासष्ट वर्षांचा, सहा आठवड्यांपूर्वी खुबा बदललेला. डॉक्टरने त्याला गाडी चालवायला बंदी घातली होती.

"केंडल कुठे?" तिने विचारलं.

"डोळ्याच्या ऑपरेशनला गेलाय. चढ."

"मग पुलावर माझ्या जागी कोण?"

"आधी चढ तर."

तिने टँकर बाहेर काढला. पाणी भरलेला टँकर जड असतो. वळणावर पाणी एका अंगाला जातं आणि गाडीला ओढतं. गावात ते सांभाळू शकणारी माणसं दोनच, केंडल आणि ती. बर्च हिल टेकडीवर आहे, तिथे पाण्याची लाइन गेलेली नाही. टँकर गेला नाही, तर पहिल्या बंबातलं पाणी संपल्यावर तिथल्या माणसांनी नुसतं बघत उभं राहायचं.

नदीपलीकडे धूर दिसत होता. कोणत्या घराचा, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

हार्डवेअरचं दुकान जवळ आलं तसा तिचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस," विन्स्लो म्हणाला.

"कॅप, माझा स्टॉप."

"आज स्टॉप नाही. हेल्मेट खाली ओढ आणि समोर बघ. ते पुढे जायची खूण करतील, आपण जाऊ."

"आणि येताना?"

"येताना चौकीच्या आधी तू मागच्या नळ्यांच्या कप्प्यात बसायचंस. रिकामा टँकर तेवढ्यापुरता मी चालवीन. जाताना गाडी केंडलने चालवली, तो पलीकडे बहिणीकडे थांबलाय, असं मी सांगीन. गेली चाळीस वर्षं मी त्या चौकीवर चेहरा दाखवतोय. माझ्यावर कोण संशय घेणार?"

"आणि आणखी चार जणांना तेच बोलायला सांगणार?"

"ते आपलेच आहेत."

टँकर पुलावर चढला. समोर चौकीचा दांडा वर गेलेला होता आणि हिवाळी कोट घातलेली एक अधिकारी हात हलवून 'चला, चला' करत होती. कोरिनने गिअर कमी केला.

"कोरिन," विन्स्लो म्हणाला. "कोरिन, बाई, नको."

तिने टँकर चौकीसमोर थांबवला. सायरन चालूच होता.

अधिकारी धावत आली. छातीवर आर्सेनो असं नाव होतं. तिशीची असेल, या चौकीवर नवी. "काय बिघडलंय? गाडी पुढे घ्या."

"माझं नाव कोरिन पेल्की. मला तुमच्या देशात यायला मनाई आहे. अर्ज पडून आहे. हे चालवणारं दुसरं कोणी नाही."

आर्सेनोने विन्स्लोकडे बघितलं. तो काचेतून समोर बघत होता. "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," तो म्हणाला. "धुराने."

"आपण अजून धुरात गेलेलो नाही, कॅप."

आर्सेनोने मागे वळून धुराकडे बघितलं, मग चौकीतल्या सहकाऱ्याला फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडून सांगितलं. तो फोनकडे गेला. ती फेरा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि दार उघडलं.

"सरका."

"माझा खुबा नवा आहे," विन्स्लो म्हणाला.

"मग जपून सरका." ती चढली. "मॅडम, तुम्हाला प्रवेश दिलेला नाही, हे नीट ऐकून घ्या. तुमची तपासणी चालू आहे आणि ती पुरी होईपर्यंत तुम्ही माझ्या नजरेखाली आहात. कायद्यात तशी सोय आहे. आता चालवा."

टँकर निघाला. आर्सेनोने खिशातून पेन काढलं. लिहायला काही सापडेना म्हणून तळहातावरच सुरुवात केली.

"पूर्ण नाव?"

"कोरिन ॲन पेल्की. डावीकडे वळतेय, धरून बसा."

"कधी अटक झाली होती का?"

"हो."

"कशासाठी?"

"गोळ्या विकल्या. वेदनाशामक. दोन वर्षं."

"कोणाला इजा?"

कोरिनने गिअर बदलला. "डेल रँडल. दोन दिवस शुद्धीवर नव्हता. आता बरा आहे. रस्त्यात भेटला तर माझ्याशी बोलत नाही."

"तो कोणाशीच बोलत नाही," विन्स्लो म्हणाला.

"कॅप्टन, प्रश्न यांना आहे. मॅडम, सीमेवर याआधी कधी खोटं बोललात?"

"एकदा. याच चौकीवर, मघाच्याच प्रश्नाला."

"आज देशात येण्याचं कारण?"

"अहो, समोर बघा," विन्स्लो म्हणाला.

चढ संपला होता. पिवळं घर, लॉर्नचं, उभं होतं. त्याच्या अलीकडचं पेटलं होतं, ते म्हातारा हेनी आणि त्याची बायको राहतात ते. दोघं रस्त्यावर उभे होते. वारा पिवळ्या घराकडे होता. पहिल्या बंबाचं पाणी संपलं होतं आणि चौघं रिकाम्या नळ्या हातात धरून टँकरची वाट बघत होते. कोरिन गाडी लावत असतानाच हेनींच्या स्वयंपाकघराचं छप्पर आत कोसळलं.

पुढचा दीड तास ती पंपापासून हलली नाही. दाब वाढवणं, कमी करणं, टँकर रिकामा होत आला की तळ्यातून पाणी उपसणाऱ्या सेंट कोलमच्या गाडीची नळी जोडणं. आर्सेनो तिच्यापासून दोन पावलांवर उभी होती. एकदा तिला कोणीतरी नळी उचलायला सांगितली, तिने उचलली. पिवळ्या घराच्या भिंतीवर पाणी मारत राहावं लागलं. भिंतीचा रंग फुगून निघाला, पण घर पेटलं नाही. हेनींच्या पुढच्या खोल्याही वाचल्या.

मधेच मुलाचा कोट अंगावर घेतलेली एक म्हातारी पंपापाशी आली. ओडेट. नदी ओलांडून तिला कधी कोणी नेलं नव्हतं, तेव्हा सुनेला ती प्रथमच बघत होती.

"तू ती रविवारची का?" तिने विचारलं. "लॉर्न जातो तिच्याकडची?"

"हो, मी कोरिन."

"आज कोणता वार?"

"मंगळवार."

"मग आज कशी आलीस?"

"काम निघालं, आई. इथे उभ्या राहू नका, पाय भिजतील."

"या कोण?" म्हातारीने आर्सेनोकडे बोट केलं.

"त्या माझ्याबरोबर आहेत."

"जेवायला दोघी थांबणार का? मांस एकीपुरतंच आहे." कोणीतरी तिला हाताला धरून शेजारी नेलं.

लॉर्न गिरणीतून आला तेव्हा आग आटोक्यात होती. त्याने आधी आईला बघितलं, मग घराला, मग पंपापाशी उभ्या बायकोला. तो तिच्यासमोर येऊन थांबला. कानशिलावर लाकडाचा भुसा होता.

"तू इथे कशी?"

"तपासणी चालू आहे," कोरिन म्हणाली.

त्याने आर्सेनोकडे बघितलं. "हात लावू का हिला?"

"मी थांबवलेलं नाही," आर्सेनो म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण तिला दाबाच्या काट्याकडे बघायचं होतं. "पुलावर थांबलीस म्हणे," तो हळूच म्हणाला. "पोरं बोलतायत. कशाला? वाकून आली असतीस तर कोणी विचारलं नसतं."

"येताना कप्प्यात बसून परत गेले असते. आणि निकाल लागला असता, मी इथे राहायला आले असते, तरी त्या पाच जणांपैकी एकजण कधीतरी प्यायल्यावर बोलला असता."

लॉर्न नळी गुंडाळायला गेला.

परतताना टँकर चौकीवर थांबला. बाकीचे चेहरे दाखवून पुढे गेले. कोरिनला आत बसवलं. आर्सेनोने तळहातावरची अक्षरं कागदावर उतरवली. घामाने काही पुसली होती, ती तिने पुन्हा विचारली. मग हात धुतले.

"आजची तपासणी संपली," ती म्हणाली. "तुम्हाला प्रवेश नाकारलाय आणि परत जायची परवानगी दिलीय. याने नवी बंदी लागत नाही. पण मी अहवाल लिहिणार. विनापरवानगी पुलावर आलात हेही आणि स्वतः थांबलात हेही. कॅप्टनने काय सुचवलं ते तुम्ही मला सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही."

"अर्जावर याचा काय परिणाम होईल?"

"माहीत नाही. अर्ज बघणारा माणूस वेगळा आहे. त्याला पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटेल की दुसरं, ते मी सांगू शकत नाही."

बाहेर विन्स्लो काठी टेकून उभा होता. पलीकडच्या दलातला एकजण टँकर अलीकडे आणून देणार होता, कारण कोरिनच्या शेजारी बसून जायला विन्स्लो तयार नव्हता. पण वाट एकच होती, दोघं पुलावरून चालत निघाले. खुब्यामुळे त्याला वेळ लागत होता. ती पुढे गेली नाही.

"आपण थांबलो त्या वेळात हेनींचं स्वयंपाकघर गेलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"वाकली असतीस तर कदाचित गेलं नसतं."

"तेही माहीत आहे, कॅप."

"हेनीला मी काय सांगू?"

"मी सांगेन. फोन करून."

पूल संपत आला तेव्हा तो म्हणाला, "पलीकडच्या हाकेला आता तू टँकर काढायचा नाहीस. निकाल लागेपर्यंत. केंडलचा डोळा बरा होईपर्यंत आपण त्यांना सांगू, टँकर नाही."

"ते बरोबर आहे," कोरिन म्हणाली.

संध्याकाळी तिने हेनीला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की स्वयंपाकघर नव्याने बांधायला लॉर्न फळ्या कापून देईल का. ती म्हणाली, देईल. त्याने फोन ठेवला.

आर्सेनोची पाळी उद्या सकाळी सहाला सुरू होते. अशा घटनेचा अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत वर पाठवावा लागतो, आणि तो कोरिनच्या अर्जाच्या फाइलला जोडला जातो.