फाट्यावरची वाघूर

दैवशालानं आयुष्यात पहिला रास्ता रोको बघितला तो मेंढरांच्या कृपेनं. एरवी असल्या भानगडीत डोकवायला तिला सवड कुठली? ज्वारीची रानं नुकती मोकळी झाली होती. ती आणि तिची सासू कासाबाई कळप घेऊन पेडगावाजवळच्या फाट्यावर आल्या, तर रस्ता बंद. कुठल्याशा गावच्या बाया रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन भर डांबरावर बसलेल्या. दोन्ही अंगांनी गाड्या तुंबलेल्या. दैवशालानं मेंढरं बाभळीखाली दाबली आणि काठीवर हनुवटी टेकून बघत राहिली.

घोषणा तिला कळल्या नाहीत. भाषण ठोकणारा गडी घसा खरवडून काय सांगत होता, देव जाणे. पण थोड्या वेळानं एक सरकारी जीप आली, तिच्यातून साहेब उतरला आणि एका म्हातारीपुढं चक्क उकिडवा बसला. म्हातारी हातवारे करत बोलली आणि साहेबानं सगळं ऐकून घेतलं. दैवशालाला साहेब म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस एवढंच ठाऊक होतं.

"बगितलं का आत्याबाई? रस्त्यावर बसलं की साहेब खाली उतरतोय."

"उतरतोय की," कासाबाई म्हणाली. "पर आदी कुणीतरी त्येला सांगून ठिवलेलं असतंय. तेवडं आपल्याला दिसत न्हाई. चल, मेंढरं हाक."

त्या दिवशी फाट्यावर बघे काय कमी होते? बहुतेकांनी बायांच्या नावानं बोटं मोडली, काहींनी मोबाइल वर धरले आणि रस्ता सुटल्यावर जो तो आपल्या वाटेनं गेला. मोर्चा बघून माणूस पेटतो म्हणतात. ओल्या लाकडाला काडी लावल्यावर काय होतं, ते चूल फुंकणाऱ्या बाईला विचारा. दैवशाला मात्र तो उकिडवा साहेब मनात घेऊन घरी गेली.

मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात एक रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली. पीक निघालं की शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात. मेंढरांच्या लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, राखणाऱ्याला ज्वारी मिळते. कळप बसला की भोवती सुताची जाळी उभी करतात. तिला वाघूर म्हणतात. लांडगा बाहेर राहावा आणि मेंढरू आत, एवढंच तिचं काम. कुणाच्या रानात आधी बसायचं याची पाळी लागते आणि ती पाळी नुसत्या शब्दावर चालते. दैवशालाचा नवरा नागनाथ या शब्दाला इतका पक्का, की कासाबाई म्हणायची, ह्येच्यापरीस खुंट बरा, निदान ओढला तर हालतो तरी.

यंदा नागनाथनं पहिली पाळी बन्सीधरला दिली होती. बन्सीधर म्हणजे गावातला जेमतेम रानाचा माणूस, स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारचं लांबलचक रान हरिओमच्या घरचं. हरिओम तिशीच्या आतबाहेरचा, घरचा ट्रॅक्टर, घरचीच मिजास. त्यानं निरोप धाडला, मेंढरं आधी आमच्यात बसव. नागनाथनं उलट निरोप दिला, जबान देऊन बसलोय मालक, दुसरी पाळी तुमची. यात अपमान होण्यासारखं काय होतं? पण ज्याला कधी दुसरं उभं राहावं लागलं नाही, त्याला दुसरा नंबर म्हणजे थोबाडीत मारल्यासारखा लागतो.

दिवस मावळायला हरिओम बन्सीधरच्या रानात आला. हातात ट्रॉलीचा लोखंडी दांडा. नागनाथ वाकून खुंट ठोकत होता. पहिला घाव पाठीत बसला, तो तोंडावर पडला. मग हरिओमनं घाव गुडघ्यांवर घातले, एका मागून एक, सवडीनं. "जबान दिली का? आता जबानीवरच चाल," असं म्हणत होता. दैवशाला पाण्याची कळशी टाकून पळत आली तेव्हा हाड फुटल्याचा आवाज तिला बांधापासून ऐकू आला. तिनं दांड्याला हात घातला. हरिओमनं तिला लाथेनं उडवलं. नागनाथ ओरडत नव्हता, मातीत दात रोवून पडला होता. हरिओम गेला आणि तिनं मान वर केली, तेव्हा कडब्याच्या गंजीआड बन्सीधर उभा दिसला. त्यानं सगळं बघितलं होतं.

नागनाथला परभणीच्या दवाखान्यात टाकलं. दोन्ही पायांत सळया घातल्या. दैवशाला ठाण्यात गेली. जमादारानं पाणी पाजलं, वाईट वाटल्यासारखं तोंडही केलं. मग म्हणाला, "बाई, तू बायको, तो नवरा. तिसरं कुणी बघितलं का? हरिओम तर म्हणतो तो पूर्णेला लग्नात होता आणि नागनाथ बैलगाडीखाली सापडला. एक माणूस आण, फक्त मी बघितलं म्हणणारा. मग बघ."

एक माणूस. दैवशाला त्याच पावली बन्सीधरच्या दारात गेली. तो ओसरीवर दोरी वळत बसला होता.

"बन्सीभाऊ, तुमच्याच पाळीपायी त्येंचे गुडगे गेले. एकदा ठाण्यात चला."

बन्सीधरनं दोरीवरची नजर हलवली नाही. "म्या घरी होतो बाई त्या टायमाला."

"गंजीआड कोण होतं मग?"

"मला त्येंच्याच बांधावरून जावं लागतंय. लेकरंबाळं हायती. म्या न्हवतो तितं."

तिनं शिवी दिली नाही. ती नुसती बघत राहिली आणि त्याच्या हातातली दोरी उलटी वळली जाऊ लागली. तिला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. मी तर म्हणेन, मारणाऱ्याचा राग माणूस पचवतो, पण बघून न बघितलेल्याचा राग नरड्यातच अडकून राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कळप उठवला तो चरायला नाही, फाट्याकडं. कासाबाईनं रस्त्यात तीनदा विचारलं, कुटं निघालीस. तिसऱ्यांदा दैवशाला म्हणाली, "साहेबाला खाली उतरवायला."

"त्या बायामागं सगळं गाव होतं गं. तुज्यामागं कोण?"

"ही हायती की," दैवशालानं मेंढरांकडं बोट केलं.

फाट्यावर बाजाराच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. दैवशालानं ओठांतून ती लांब शीळ घातली, म्होरक्या एडका डांबरावर थांबला आणि त्याच्यामागं सगळा कळप गुडघे मोडून बसला. रस्ता या काठापासून त्या काठापर्यंत लोकरीनं भरला. आणि मग तिच्याकडून चूक झाली. कुणी सांगितली नव्हती, कुणी शिकवली नव्हती. कळप बसला की वाघूर लावायची, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. नेहमीसारख्या खांद्यावर आणलेल्या जाळ्या सोडत हात आपले चालू लागले. मानवतच्या बाजूनं एक जाळी, परभणीच्या बाजूनं दुसरी, चारी टोकं कडेच्या बाभळींना गच्च बांधली. दोन्ही अंगांना खोल नाली. लांडगा आत येणार नाही अशी चोख वाघूर तिनं बांधली. मेंढराला बाहेर पडायलाही जागा राहिली नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ती जाळीच्या पुढं बसली. शेजारी कासाबाई बसली, शिव्या देत, पण बसली.

गाड्या थांबल्या. भोंगे सुरू झाले. एसटीतली माणसं खाली उतरली, टमटमवाले उतरले, हॉटेलातले उठून आले. बन्सीधरही त्यांत होता, खांद्यावर रिकामं पोतं टाकून, मागं मागं. "काय नाटक लावलंय?" "ए बाई, मयतीला जायचंय आमाला." दैवशाला एकच म्हणत होती, "माज्या मालकाचे गुडगे फोडले. फोडणाऱ्याचं नाव लिवून घ्या. साहेबाला बोलवा." कुणी हसलं, कुणी मोबाइल धरला. साहेबाला कुणी बोलावलं नाही.

आणि मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत हरभऱ्याची पोती, वर हरिओम. रस्त्यात कोण बसलंय हे त्याला दिसलं, काय म्हणतंय हेही ऐकू आलं. त्याचं तोंड काळवंडलं. गर्दीतल्या दोघातिघांनी त्याला हौसेनं वाट करून दिली. "घाल रे पुढं. उटंल आपोआप."

त्यानं घातला. दैवशालानं कासाबाईला ओढून नालीत लोटलं आणि स्वतः तिच्यावर पडली. ट्रॅक्टर जाळीत शिरला. मेंढरं उठली, पळाली, पलीकडच्या जाळीवर आदळली आणि परत चाकाकडंच वळली. मेंढरू घाबरलं की एकमेकाला बिलगतं, पांगत नाही. पुढची चाकं त्या बिलगलेल्या ढिगावर चढली. हाडं मोडताना ऊस चरकात जावा तसा आवाज आला. वाघूर पुढच्या चाकात गुंडाळत गेली आणि तिच्यात पाय अडकलेली मेंढरं फरफटत चाकाखाली ओढली गेली. म्होरक्याची घंटी एकदा वाजली. डांबर लाल झालं, लोकर लाल झाली. एक गाभण मेंढी पोट फाटून पडली आणि आतलं पिलू डांबरावर हललं. शेवटी जाळीनंच चाक आवळलं आणि ट्रॅक्टर गचकन बंद पडला.

दैवशाला कमरेचा विळा काढून धावली. ती जाळी कापत होती, अडकलेले पाय सोडवत होती, तोंडानं शीळ घालत होती आणि शीळ निघत नव्हती. गर्दी गप्प झाली होती. त्या शांततेत एक दगड सुटला आणि हरिओमच्या कानाजवळ लागला. तो स्टिअरिंगवर कोसळला. दगड बन्सीधरनं मारला होता.

मग काय. बांध फुटावा तशी माणसं फुटली. मघाशी घाल पुढं म्हणणारेच सगळ्यात पुढं होते. हरिओमला तंगडी धरून खाली ओढला. लाथा, चपला, टमटमचा पान्हा, जे हाती आलं ते. त्याचा एक दात मेंढराच्या रक्तात पडला. एकानं रस्त्याकडेचा मोठा धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. दैवशालानं ते बघितलं. रात्रंदिवस जे तिनं मनात मागितलं होतं, तेच समोर चाललं होतं. खोटं कशाला बोलू, घटकाभर तिला गोड वाटलं.

पण हा मेला, तर नागनाथचे गुडघे बैलगाडीखालीच गेले असं कायमचं ठरणार होतं. तिनं विळा टाकला आणि ती हरिओमच्या अंगावर जाऊन पडली. कुणाची तरी काठी खाली आली होती ती थांबली नाही. तिच्या मनगटात कट्ट झालं. धोंडावाला थबकला. बन्सीधर दुसरा दगड उचलून तिथंच उभा होता, तोंडाला फेस आलेला.

ती हरिओमवर पडल्या पडल्या बन्सीधरशी बोलली, ओरडून नव्हे, दारात बोलली होती तशी. "बन्सीभाऊ, दगडाला हात उटला तुमचा. जीब कामून उटंना?"

बन्सीधरचा दगडाचा हात खाली आला.

कुणी कळवलं कुणास ठाऊक, जीप आली ती तेव्हा. साहेब खाली उतरला, पण उकिडवा बसला नाही, रक्तात बूट भरू नयेत म्हणून कडेनं चालत आला. "कुणी मारलं याला? कुणी बघितलं?" असं त्यानं विचारलं मात्र, गर्दी मिठासारखी विरघळली. कुणी आत्ताच एसटीतून उतरलं होतं, कुणी पाठमोरं होतं. मोबाइल खिशात गेले. ज्यांनी लाथा घातल्या त्यांनी पाय झटकले. रस्त्यावर दोन बाया, अर्धमेला हरिओम, मेलेली मेंढरं आणि हातात दगड घेतलेला बन्सीधर एवढेच राहिले.

"म्या बगितलं," बन्सीधर म्हणाला.

"काय बघितलं?"

"ह्येनं नागनाथचे गुडगे लोखंडी दांड्यानं फोडले. माज्या रानात. म्या गंजीआड उभा होतो." त्यानं हातातला दगड पुढं केला. "आन् आज पयला दगड म्या मारला. दोन्ही लिवून घ्या."

दोन्ही लिहून घेतलं. रस्ता अडवला म्हणून दैवशालाचंही नाव घेतलं. हरिओम जगला, एक कान गेला. त्याच्यावर खटला उभा राहिला, तसाच बन्सीधरवरही. बन्सीधर कोठडीत राहून आला तेव्हा हरिओमच्या भावकीनं बांधावरची वाट काटे टाकून बंद केली होती. आता त्याला स्वतःच्या रानात जायला ओढ्यातून वळसा पडतो. गावात त्याच्याशी बोलायला लोक घाबरतात. फाट्यावरच्या हॉटेलात मात्र त्या दिवसाची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, जणू प्रत्येकानं ट्रॅक्टर अडवला होता.

नागनाथ दोन काठ्यांवर घरी आला. त्यानं उरलेला कळप बघितला आणि बराच वेळ नुसता मेंढरांवरून हात फिरवत बसला. दैवशाला म्हणाली, "माजी चूक झाली. वाघूर लावाय नको व्हती." तो म्हणाला, "मी असतो तरी लावली असती."

काही दिवसांनी बन्सीधर दारात आला. आत आला नाही.

"माजी पाळी अर्दी राहिली," तो म्हणाला.

नागनाथनं काठ्या मागितल्या. उन्हं कलायला ते सगळे बन्सीधरच्या रानात गेले, ओढ्यातून, वळसा घालून. वाघूर जागोजागी गाठी मारून सांधलेली. दैवशालाचं मनगट अजून वळत नव्हतं, म्हणून खुंट बन्सीधरनं ठोकले. कळप बसला. लहानसा दिसत होता.

मग बन्सीधरनं बाज आणली. कडब्याची गंजी जवळ होती, तिच्या आडोशाला वारा लागला नसता. त्यानं बाज तिथं टाकली नाही. जाळीच्या बाहेर, हरिओमच्या बांधाकडच्या बाजूला, अगदी उघड्यावर टाकली आणि तिच्यावर बांधाकडं तोंड करून बसला.