पिवळ्याचं तोंड

गेल्या शनिवारची कुस्ती भिकार होती. तीन जण इकडे, तीन जण तिकडे, आणि त्यातल्या चौघांना आपण मारामारीला आलोय की हळदीत नाचायला, हेच ठरवता येत नव्हतं. एक लाल मुखवट्यावाला दोरावर चढला, हात पसरले, लोकांकडे बघितलं, पुन्हा हात पसरले. खाली आडवा पडलेला माणूस एक डोळा उघडून बघत होता, हा येतोय की जेवून येतोय. शेवटी उडी मारली ती त्याच्या शेजारी. तरी खालचा पोट धरून लोळला. खोटं करायला माझी ना नाही, पण नीट करावं. पेणजवळच्या जोह्याच्या कारखान्यात मी जन्मभर गणपती रंगवले. मातीचा उंदीर खरा वाटावा म्हणून मान मोडून घेतली आहे. इतकं पोकळ खोटं मला बघवत नाही.

बायकांची कुस्ती बरी झाली. एक जाडी आणि एक काटकुळी. जाडीने काटकुळीला केसांना धरून असं फिरवलं की मला आमच्या नळावरचे जुने दिवस आठवले. त्यात खोटं काही नव्हतं.

ही कुस्ती मेक्सिको नावाच्या देशातली. चौथीपर्यंतच्या भूगोलात तो देश मला लागला नाही आणि पुढे शाळा लागली नाही. त्यांची शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ, एवढं मला पुरतं. सून लादी पुसते तेव्हा मी पाय वर घेऊन टीव्हीसमोर बसते. लागली कशी, तर सून टीव्हीवर केक कसा करायचा ते बघत होती. केक संपला आणि टीव्हीने आपल्या मनाने ही कुस्ती लावून दिली. केक काही आमच्याकडे झाला नाही. कुस्ती राहिली.

बोलणारे काय बोलतात ते कळत नाही, ते चांगलंच आहे. आमच्या इकडच्या कबड्डीच्या सामन्यात माईकवाल्याचं कळतं म्हणून तर डोकं उठतं. बाकी सगळं समजतं. काही पैलवान सभ्य असतात, काही लबाड. सभ्य माणूस हात मिळवायला पुढे होतो, लबाड त्याच हाताला धरून आपटतो. पंच नेमका तेव्हा दुसरीकडे बघत असतो. निम्म्यांच्या तोंडावर मुखवटे असतात, मागून नाडीने करकचून बांधलेले. आणि पहिल्या रांगेत माझ्या वयाची एक बाई नेहमी दिसते. लबाड पैलवान तिच्या पुढ्यात पडला की ती पिशवीने त्याला बडवते. तिला कोणी काही बोलत नाही. तो देश चांगला असणार.

माझा आवडता एक लबाड आहे. मुखवटा घालत नाही, केस मानेपर्यंत, मिशी टोकदार. मी त्याला मुकादम म्हणते. लहानपणी आम्ही दोघी बहिणी मिठागरावर जायचो तिथला मुकादम असाच होता. बायांना शिव्या घालायचा आणि शेठची गाडी दिसली की लगेच टोपी काढून उभा. त्याचा राग यायचा, पण तो नसला की दिवस जायचा नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला मुकादम आवडत नाही. तिला पिवळा आवडतो. पिवळा मुखवटा, पिवळी चड्डी, कोणी पडला तर त्याला हात देऊन उठवणारा. असल्या माणसांना कुस्तीत काय काम, मला समजत नाही. बहीण रोह्याला असते, मुलाकडे. गेल्या वर्षी भाच्याची कंपनीत रात्रीची शिफ्ट लागली आणि त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा बहिणीला मी इकडे रामवाडीला आणून ठेवलं होतं. तेव्हा तिला याची गोडी लागली. गोडी लागली म्हणजे मी बघायची आणि ती विचारायची.

"आता काय झालं गो बाय?"

"मुकादमानं पिवळ्याचे डोळे चोळले."

"आणि पंच?"

"पंच तुझ्यासारखा."

मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेल्यात जमा होते. तिला पिवळं हलताना दिसायचं, एवढंच. म्हणून तर तो तिचा आवडता. काळी चड्डी घालणारा कितीही सभ्य असता तरी तिला काय उपयोग?

रोह्याला परत गेल्यावर दर शनिवारी तिचा फोन यायला लागला. कोण जिंकलं, कसं जिंकलं, कोणाची चड्डी फाटली, सगळं मी सांगायची. मला सांगायला आवडतं. ऐकून घेणारं माणूस या वयात मिळत नाही, घरात तर नाहीच.

पण डोळ्यांचं काढलं की ती फोन ठेवायची. रोह्याच्या डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं होतं, आता कापा, मोतीबिंदू फार पिकला तर आत दाब वाढेल आणि मग कोणाच्या बापाला तो डोळा आणता येणार नाही. म्हणजे बापाचं माझं, डॉक्टरीण चांगल्या भाषेत बोलली. बहीण म्हणायची, "आईचे डोळे गेले, ती तशीच मेली. तिचं काय अडलं?"

"तिचं नाय अडलं. आपलं अडलं. तिला परसाकडे कोण न्यायचं?"

"माझी सून नेईल."

"सुनेला विचारलंस?"

फोन बंद.

भिते म्हणून कधी म्हणाली नाही. एकदा भाच्याच्या घरात गॅसची टाकी थोरला नातू समजून तिला "ऊठ, शाळेची वेळ झाली" म्हणत बसली, ते आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. नंतर कुंडलिका नदीच्या कडेने देवळात जाताना रस्ता समजून घाटाच्या पायऱ्या उतरत गेली. कपडे धुणाऱ्या बायांनी आरडाओरडा केला तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. भाच्याच्या बायकोने हे मला फोनवर हळू आवाजात सांगितलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. बहिणीला विचारलं तर म्हणाली, "पाय धुवायला उतरले होते." चपला घालून.

मध्येच पिवळ्या आणि मुकादमाची पैज लागली. माझ्या मुलाने वाचून सांगितलं, हरला तर मुकादमाचं तिथल्या तिथे टक्कल करणार, पिवळा हरला तर त्याचा मुखवटा काढणार. एकदा निघाला की पुन्हा कधी घालायचा नाही. बहिणीने हे ऐकलं आणि तिला करमेनासं झालं. रोज फोन.

"बाय, त्याचं तोंड कसं असेल गो?"

"तोंडासारखं."

"तसं नाय. इतकी वर्षं झाकून ठेवलंय म्हणजे काहीतरी असेल. आपण गणपती आणतो तो उगाच रुमाल टाकून आणतो काय?"

आमच्याकडे गणपती कारखान्यातून घरी नेताना तोंडावर रुमाल असतो. पाटावर बसवला की मग काढायचा. माझ्या बहिणीचा हिशेब असा की झाकलेलं तोंड म्हणजे देवाचं तोंड. मी तिला म्हटलं, अगो, मी रुमालाच्या आतली तोंडं रोज बघायची, अर्धी तिरळी व्हायची, पुसून परत करायचो. पण तिच्या डोक्यात पिवळ्याचे डोळे बसले होते. मोठे असतील, पाणीदार असतील, लांब असतील. आंधळी बाई दुसऱ्याच्या डोळ्यांवर इतकं बोलते, म्हणजे कमाल आहे.

पैजेच्या शनिवारी तिने आधीच फोन लावला आणि चालूच ठेवला. मी सांगत गेले. पिवळ्याने पहिला डाव घेतला, मुकादमाने दुसरा. तिसऱ्यात पिवळा दोरांमधून बाहेर उभ्या मुकादमावर झेपावला, मुकादम बाजूला सरला, आणि पिवळा जाऊन पडला खुर्च्यांवर. पिशवीवाल्या बाईने मुकादमाला दोन ठेवून दिल्या. परत आत आल्यावर पंचाची पाठ फिरली आणि मुकादमाने नको तिथे लाथ घातली.

"कुठं?"

"नको तिथं."

"मेल्याचं वाटोळं होवो."

मग मुकादम पिवळ्याच्या छातीवर बसला, त्याचे खांदे दाबून धरले, पंचाने तीनदा हात आपटला. तेवढा वेळ दोन्ही खांदे टेकलेले राहिले की हार. संपलं. पोरं रडायला लागली. पिवळा गुडघ्यावर बसला. त्याच्या जोडीदाराने मागची नाडी सोडली, आणि त्याने दोन्ही हातांनी मुखवटा वर ओढला.

पन्नाशीचा माणूस. डोकं अर्धं उजाड, कपाळावर जुन्या जखमांच्या वळकट्या, पुढचे दोन दात नाहीत, पापण्या सुजलेल्या. पेणच्या स्टँडवर सुट्या पैशांसाठी भांडणारा कंडक्टर असावा तसा. त्याने माईक घेतला, आपलं नाव-गाव सांगितलं असावं, आणि रडला.

"बाय? काढला काय? कसा हाय?"

मी तोंड उघडलं होतं सांगायला. कंडक्टर म्हणणारच होते. पण फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. इतका जीव एकवटून तिने तिच्या नातवाच्या बारशालाही काही विचारलं नव्हतं.

"नाय सांगणार," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"डोळा करून घे आणि ये बघायला."

 मग तिने ज्या शिव्या दिल्या त्या मिठागरावरच्या होत्या. मी विसरले होते त्यातल्या दोन-तीन. फोन तिनेच आपटला.

तिने माझ्या सुनेला फोन केला. सुनेला मी आधीच दम दिला होता. माझ्या मुलाला केला, तो म्हणाला, "मावशी, मी ड्युटीवर होतो." खोटं बोलला, माझ्या शेजारी बसून पोहे खात होता. तिच्या सुनेला बघायला सांगितलं, तर ती पोर हुशार, म्हणाली, "आत्या, माणसासारखाच माणूस हाय. मला नाय जमत सांगायला."

मुलगा मला म्हणाला, "आई, आंधळ्या बाईला असं छळतात काय?" म्हटलं, हो, छळतात. समजावून तुम्ही सगळे वर्षभर बसला होता, काय झालं त्याचं?

पुढचा शनिवार गेला, फोन नाही. त्याच्या पुढचाही. मुकादम जिंकत होता आणि सांगायला कोणी नव्हतं. सुनेला सांगायला गेले तर ती म्हणाली, "आई, पाय वर घ्या." मला वाटलं, ही आता हट्टाने आंधळी मरणार आणि दोष माझ्या माथी मारणार. तिला ते जमलं असतं. लहानपणी माझ्यावर रुसून दिवसभर खाडीत बसून राहिलेली बाई आहे ती.

मग एक दिवस दुपारी दारात. भाच्याच्या बायकोचा दंड धरून, रोह्याहून एसटीने. मला ओलांडून आत गेली, म्हणजे मला आणि चपलांच्या स्टँडला, तो पाडला. "लाव," म्हणाली.

सुनेने लावलं. पिवळा गुडघ्यावर बसला तिथे थांबवलं. बहीण टीव्हीपाशी गेली आणि काचेला नाक लावलं. उजवा डोळा लावला, मग डावा. पदराने काच पुसली. पदराने डोळे पुसले.  

"पिठलं दिसतंय," ती म्हणाली.

सुनेने टीव्हीचा उजेड वाढवला.

"नाक कुठं हाय?"

सुनेने तिचं बोट धरून काचेवर टेकवलं. तिने बोट तिथेच ठेवलं, आणखी जवळ गेली, आणि कपाळ टीव्हीला टेकून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या बाजूच्या कपाटाकडे.

"एकच करीन," म्हणाली. "दुसरा माझा."

"दुसरा पण तुझाच हाय. मला काय करायचाय?"

"दुखतं काय गो, बाय?"

"मला काय माहीत? माझे धड हायत."

सोबत मी गेले. रोह्याच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर बायका डोळ्यांत थेंब घालून ओळीने बसवल्या होत्या. हिने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी वाकली, आणि तोंडाने डॉक्टरणीचं वय, केस, साडी न नेसणं यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. मग तिला आत नेलं. मी बाहेर बसून चहा प्याले. बरा नव्हता. दुसरा मागवला.

पट्टी निघाली, थेंब झाले, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही ते सगळं झालं. मग काळा चष्मा लावून ती रामवाडीला आली आणि टीव्हीसमोर पाट घेऊन बसली. पिवळ्याने मुखवटा काढला. तिने चष्मा काढला, टीव्हीकडे बघितलं, बराच वेळ. मी म्हटलं आता रडणार, नाहीतर मला मारणार.

"मागे ने," ती सुनेला म्हणाली. "अजून मागे. तो छातीवर बसतो तिथं."

सुनेने मागे नेलं. मुकादम बसला, पंचाचा हात पडला, एक, दोन, तीन.

"परत."

परत लावलं.

"बाय," ती म्हणाली, "पिवळ्याचा डावा खांदा वर हाय."

"नाय."

"वर हाय. खाली उजेड दिसतोय. पंचानं बघितला नाय, आणि तू पण नाय बघितलास. काय बघत होतीस गो तू? मुकादमाची मिशी?"

तोंडाबद्दल अक्षर काढलं नाही. दोन महिने मला शिव्या घालून, डोळा कापून घेऊन ज्याच्यासाठी आली, ते तोंड तिथे टीव्हीवर रडत होतं, आणि ही खांदा बघत बसली.

आता दर शनिवारी तिचाच फोन येतो आणि तीच मला सांगते. जुन्या कुस्त्याही काढते. मी जिंकला म्हणून सांगितलेले हरले होते, मी लाथ म्हटली ती गुडघा होता, पिशवीवाली बाई दर वेळी तीच नाही, दोघी आहेत. तिच्या सुनेकडून तो पैजेचा शेवट थांबवून फोटो काढून घेतला आणि मला पाठवला. मी चष्मा लावून बघितला, सुनेला बघायला लावलं, मुलाला लावलं.

खांदा टेकलेला आहे. रोह्याला जाऊन तिच्या तोंडावर सांगणार आहे.