ऑर्विलचा बारावा खिळा

मर्सी गल्चमध्ये जुलैच्या शेवटच्या रविवारी गाढवांची शर्यत असते. चांदीच्या खाणी कधीच बंद पडल्या, खाणवाले गेले, गाढवं मात्र गावाला चिकटून राहिली. नियम सोपे. गाढवाच्या पाठीवर कुदळ, फावडं आणि खाणीतली माती धुवायची थाळी लादायची, दोरी धरून शेजारून पळायचं. गाढव ओढा, ढकला, बळ असेल तर खांद्यावर घ्या. वर बसायचं नाही आणि वाटेत चारायचं नाही. गाढवाचं नाक रेषेपार गेलं की शर्यत पुरी. शेवटच्याला वाळक्या शेणाचा गोळा बसवलेली फळी मिळते. गोळ्याला वार्निश लावलेलं असल्यामुळे वास येत नाही, असं समितीचं म्हणणं.

ऑर्विल टॅगार्टच्या भिंतीवर अशा अकरा फळ्या होत्या. उन्हाळाभर तो प्रवाशांना गाढवांवरून जुन्या खाणीपर्यंत नेई आणि डोंगराची उंची रोज वेगळी सांगे. बारावी फळी नको, एवढीच त्याची इच्छा होती. तरी वसंतात भिंत रंगवताना त्याने बारावा खिळा ठोकून ठेवला होता. माणूस व्यवहारी.

तसा तो पळायला वाईट नव्हता. डोंगर उतरेपर्यंत त्याची गाढवीण डचेस मधल्या घोळक्यात असे. पण रेषेच्या चाळीस पावलं अलीकडे आर्डिथची बेकरी होती. रोज सकाळी ऑर्विल तिथे थांबून दालचिनीचा बन घेई, अर्धा आपण खाई, अर्धा गाढवांना देई. त्यामुळे डचेस शर्यतीतही तिथेच थांबे आणि अर्ध्या बनाची वाट पाही. मागून सगळं गाव पुढे जाई. दुकान एक दिवस बंद ठेव, म्हणून तो दरवर्षी आर्डिथला विनवी. वर्षातला सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस, म्हणून ती दरवर्षी नाही म्हणे.

यंदा डेन्व्हरहून आलेल्या दातांच्या डॉक्टर पेल्टननी ऑर्विलचंच दुसरं गाढव, बिस्किट, भाड्याने घेऊन शर्यतीत उतरवलं. सगळे पुढे गेले आणि बेकरीसमोर दोन गाढवं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. डॉक्टरांनी बिस्किटला मागून ढकलून पाहिलं. मग घाम पुसत विचारलं, "टॅगार्टसाहेब, याचं काही बटण वगैरे असतं का?"

"असतं, पण ते बेकरीत आहे," ऑर्विल म्हणाला.

आर्डिथ पंचांसाठी बनांचा ट्रे घेऊन बाहेर आली. दोन्ही गाढवांचे कान तिच्याकडे वळले.

"ऑर्विल, अकरा वर्षं हे गाढव तुला शिकवतंय आणि तुझ्या डोक्यात काही शिरत नाही," ती म्हणाली. "चारायला बंदी आहे. दाखवायला कुठे आहे?"

ट्रे डोक्यावर धरून ती सावकाश रेषेकडे निघाली. गाढवं मागोमाग निघाली. डचेस मुळात हावरट. शेवटच्या तीन पावलांत तिने मान अशी ताणली, की ऑर्विल दोरीला धरून पोटावर घसरत आला. तिचं नाक आधी पोचलं.

फळी डॉक्टरांना मिळाली. दवाखान्यात रुग्णांच्या खुर्चीसमोर लावणार, म्हणाले. तोंड आपोआप उघडतं.

घरी आल्यावर ऑर्विल बाराव्या खिळ्याकडे बराच वेळ बघत बसला. भिंत थोडी अपुरी दिसत होती. मग त्याने उठून आपली धुळकट टोपी तिथे टांगली आणि उरलेला अर्धा बन घेऊन तो डचेसकडे गेला.